लटारूचा चिखल्या

आमच्या कोसमबोडीले कुंभाराचं घर एकच, लटारूचं. गावाच्या उगवतीले बोडी, म्हंजे लाहान तलाव, बोडीच्या पारीखाली, बांधाच्या पायथ्याले, त्याचं घर, घरासमोर मडके भाजाचा आवा. बाकी गावात काय होतं म्हनशीन तं धानाच्या बांध्या, मोहाचे झाडं अन् मांगं सारं जंगल. चांदा जिल्हा बंबईच्या राज्यात गेला ना, त्याच्या समोरच्या सालची हे गोठ. राज्य बदललं म्हनत, पन आमच्या इथी कोनाले काई दिसलं नाई. एक टोचनारे बाबू तेवढे नवे आले.

लटारू उंच, हाडकुळा मानूस. पाय गुडघ्यापर्यंत सदा मातीचे. आंघोळ केली तरी ते माती निघे नाई. त्याची बायको मनकर्णा म्हने, "मेल्यावर तुले लाकडं लागनार नाईत. आव्यात ठेवलं का रांजन होशीन."

तो म्हने, "मंग माह्यातलं पानी पेऊन पाह्य. थंडंच लागन."

त्याईची एकच पोरगी, ते बाळंतपनात गेली. तिची पोट्टी बुधरी या दोघायनं वाढवली. सहा वर्साची होती बुधरी तवा. नाकात सुंकलं, केसाले तेल, अन् बोलाले अशी चुरचुर का कावळ्याले बसू देये नाई.

आता कुंभाराचं काम कसं असते, माती आनली का ते तुडवा लागते. तासन् तास पायानं तुडवा, खडे येचा, पुन्हा तुडवा. लटारूले पोरगा नाई, भाऊ नाई, तुडवन कोन? तं गावातले पोट्टे येत. फुकट नाई येत. माती लोन्यासारखी झाली का लटारू बोटभर गोळा उचले, चाकाजवळच्या पाटावर ठेवे अन् म्हने, "मीट!"

सारे पोट्टे डोळे मिटत.

"उघड!"

डोळे उघडले का पाटावर एक बुटका उभा. मडक्यासारखं पोट, लाहानसे पाय, मोठे कान. हाच चिखल्या.

"मीट! उघड!" चिखल्याचा एक पाय समोर. "मीट! उघड!" दुसरा पाय समोर. "मीट! उघड!" चिखल्या पाटाच्या टोकावर बसून खाली वाकून पाहून राह्यला. असा तो चाले. पोट्टे डोळे मिटले असताना लटारूचे हात चालत, अन् उघडले का हात मांडीवर. पोट्ट्याईले मालूम होतं का आजाच करते म्हनून. तरीबी कोनी डोळ्याची फट ठेवून पाहे नाई. कोनी पाह्यलं तं दुसरे त्याले धरून मारत. आनि दुसरा नेम असा का आवाज झाला का चिखल्याचा पुन्हा लोंदा होते. मंग गोठ तिथीच सरली, घरी जा.

चिखल्या काई चांगला नोहता बापा. चोर होता. पाटलाच्या मोहफुलाच्या पाटीत तोंड घाले. भूक तं अशी का स्वताचा हात खाये, अन् लटारू मीट-उघड करून तो हात पुन्हा लावून देये. एकदा वाघ आला तं चिखल्या भेवानं वारूळ झाला. वाघानं तंगडी वर केली अन् त्याच्यावर मुतला. चिखल्या तसाच, हालला नाई. वाघ गेल्यावर म्हने, "बरं झालं, उन्हात वाळून राह्यलो होतो." पोट्टे तोंडात धोतर-लुगड्याचे पदर कोंबून हासत. आवाज नोहता करा लागत ना.

आनि तो मरे नाई. चेपला जाये, फाटे, दोन तुकडे होये, पन मरे नाई. त्या टायमाले एकबी घर असं नोहतं का जिथी कोनी गेलं नाई. कोनाचा भाऊ, कोनाची बहीन, कोनाची मायच. पोट्टे ते सारं पाहून येत अन् लटारूच्या पाटासमोर बसत.

तं टोचनारे बाबू येनार म्हनून कोतवालानं दवंडी देल्ली. माता येऊ नये म्हनून दंडावर टोचतात म्हने. माता म्हंजे अंगभर फोड येतात ते, देवी. लोकं भेले. मातेचं नाव घेतलं का मातामायच्या देवळाकडे हात जोडनारी लोकं आमची. तिचा रोग, तिची मर्जी. मानसानं मधात सुई घातली तं तिले राग येईन का नाई? पल्याडच्या गावात एका पोराचा हात टोचल्यावर सुजला अन् पंधरा दिवसानं ते पोरगं तापानं गेलं, हेबी साऱ्याईनं ऐकलं होतं.

रामाजी पाटलानं मानसं बोलावले. "पोट्टे लपवा," म्हने.

एक जन म्हने, "कुठी लपवता जी? दहा-अकरा पोट्टे चूप ठेवनं म्हंजे बेडूक पाटीत भरनं हाय."

रामाजीनं लटारूकडे पाह्यलं. "लटारूच्या मातीच्या खदानीत ठेवा. याच्या चिखल्यासमोर पोट्टे मुतालेबी उठत नाईत."

सारे हासले. लटारूबी हासला. त्याले बरं वाटलं. गावानं त्याले कधी काई विचारलं नोहतं. पाटलाच्या ओट्यावर त्याची जागा खाली, कडेले. त्या दिवसी रामाजी म्हने, "इथी वर बस ना."

बोडीच्या मांगं मातीची खदान होती. तीन पिढ्याईनं माती खोदून खोदून घराएवढा खड्डा झाला होता. उतराची वाट एकच, एका मानसाची. लटारू अकरा पोट्टे घेऊन तिथी बसला. बुधरी होती, गावातल्या भागीरथेचा पोरगा सुकलू होता. वरून बाबूच्या सायकलीची घंटी ऐकू आली. अंदर चिखल्या नदी पोहून राह्यला होता. एकबी पोट्टं खोकललं नाई.

गावात बाबूनं मनकर्णाले विचारलं, "बाई, पोट्टे कुठी हायेत?"

"मामाच्या गावाले गेले जी."

"साऱ्या गावाच्या पोट्ट्याईचा मामा एकच हाय का वो बाई?"

"हाव जी. मोठा मानूस हाय तो."

बाबू हासला, कपाळाले हात लावला. जंगलाच्या नाकेदाराचे दोन पोट्टे तेवढे त्याले भेटले. नाकेदार सरकारी मानूस, त्याले नाई म्हनता ये नाई. त्या दोघाईले टोचलं अन् बाबू दुपारी निघून गेला. सांजच्या पारी रामाजीनं लटारूच्या घरी पायलीभर धान पाठवलं.

मंग फागुनात माता आली.

पहिले सुकलूले ताप भरला. तिसऱ्या दिवसी तोंडावर दाने. मंग घराघरात. दाराले कडूलिंबाचे डगाल बांधले. कोनी फोडनी देईना, कोनी कोनाच्या घरी जाईना. गावात माता असली का इस्तो जास्त पेटवा नाई, तिचं अंग तापते, म्हनून लटारूनं आवा बंद ठेवला. चाक उभं करून ठेवलं. रोज सकाळी मनकर्णा मातामायवर थंडं पानी ओते अन् म्हने, "माय, आमची एकच हाय. पाहून घे."

बुधरीच्या डोळ्याईत फोड झाले. पापन्या चिकटल्या. लटारू कडूलिंबाच्या पाल्यानं तिच्या अंगावर वारा घाले. ते म्हने, "आजा, उघड म्हन ना."



अकरातले चार पोट्टे गेले. बुधरी वाचली, पन डोळे गेले. दोनी डोळ्याईवर पांढरं आलं, फुटल्या अंड्यासारखं.

घरात मानूस मेलं का चुलीवरचे जुने मडके फोडून टाकतात अन् नवे आनतात. आनाचे कुठून? कुंभाराकडून. आवा बंद, पन मांगचे काई मडके होते, ते लटारू एकेका घरी पोचवून आला. भागीरथेच्या घरी गेला तवा ते ओट्यावर बसली होती. सुकलूची लाहान बहीन अन्नी, तीन वर्साची, तिच्या मांडीवर. लटारूनं मडके खाली ठेवले.

भागीरथा म्हने, "लटारूभाऊ, त्या दिवसी खदानीत काय दाखवलं होतं?"

"काऊन व?"

"सुकलू घरी येऊन हासे. जेवता जेवता हासे. दोन दिवस हासला. मी विचारलं तं म्हने, तोंडानं सांगता येत नाई, मिटून पाहा लागते."

लटारूनं सांगतलं. नदी, चिखल्या, मासा त्याचा कान धरते ते. भागीरथेनं सारं ऐकून घेतलं. "बरं हाय," म्हने, अन् मडके उचलून अंदर गेली. तिनं त्याले दोन शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं, असं तो मंग मनकर्णाले म्हने.

नाकेदाराचे दोन पोट्टे त्याच गल्लीत खेळत. त्याईच घराईचं पानी पेत. त्याईले एक दाना आला नाई. लटारू रोज त्याईले पाहे. एकदा तं त्यानं मोठ्या पोट्ट्याचा दंड धरून टोचल्याचा वन पाह्यला, नखाएवढा, गोल. पोट्टं भेलं. त्याची माय नीलाबाई बाहीर आली. "काय पाहून राह्यले जी बुवा?"

"काई नाई बाई. एवढंसंच असते का हे?"

"एवढंसंच. दोन दिवस रडला अन् झालं."

लटारू रामाजीकडे गेला. खाली, कडेले बसला. "मालक, आपलं चुकलं."

"काय चुकलं?"

"नाकेदाराचे पोट्टे पाहा ना."

"ते बाहीरगावचे. आपली माता त्याईले वळखते कुठी?" रामाजीनं पानाची पिचकारी टाकली. त्याचाबी नातू गेला होता, त्यानं बोलताना वर पाह्यलं नाई. "तू मडके कर, लटारू. वैदू होऊ नको."

त्यानंतर लटारूनं चिखल्या केला नाई. पोट्टे माती तुडवाले आले तं त्यानं परत पाठवले. एकटाच तुडवे. बुधरी दाराच्या चौकटीले धरून विचारे, "आजा, चिखल्या कुठी गेला?"

"जंगलात गेला."

"कवा येईन?"

"मालूम नाई."

दिवाळी झाली, धान कापनी झाली, अन् कोतवालानं पुन्हा दवंडी देल्ली. बाबू येनार. गावात मातेतून सुटलेले, म्हंजे अंगावर दाना न आलेले, अन् मांगून चालाले लागलेले असे नऊ पोट्टे होते. रामाजीचा निरोप आला, खदानीत घेऊन जा.

लटारूच्या मनात पहिले आलं का नाई म्हनाव. मंग वाटलं, नाई म्हनलं तं लोकं पोट्टे जंगलात नेतीन, मोहाच्या झाडावर चढवतीन, पन बाबूच्या हाती देनार नाईत. समोरच्या फागुनात माता पुन्हा आली तं या नवातले किती राहतीन, हे त्याले बोटावर मोजता ये. त्यानं निरोप पाठवला, आना पोट्टे.

बाबू यायच्या सकाळी तो नाक्यापर्यंत पायी गेला. बाबू सायकल हातात धरून चढ चढून राह्यला होता. लटारूनं हात जोडले. "खदानीत हायेत जी. बोडीच्या मांगं. मी चिखल्या दाखवतो तवा त्याईचे डोळे मिटले राहतात. चप्पल काढून या."

बाबूनं सायकल थांबवली. "मांगच्या सालीबी खदानीतच होते का?"

"हाव."

"मंग आता काऊन सांगता?"

"घंटी वाजवू नोका," तेवढं म्हनून लटारू माघारी फिरला.

खदानीत नऊ पोट्टे. सालभरानंतर चिखल्या येनार म्हनून नाचून राह्यले होते. भागीरथेची अन्नी त्याच्या गुडघ्याले चिपकून बसली. लटारू वाटेच्या तोंडाशी बसला, पाट समोर. "मीट!" म्हनला. चिखल्याचे कानच नीट बसे नाईत. "उघड!" चिखल्या उभा. पोट्ट्याईनं श्वास ओढला, पन आवाज नाई. असं दहा-बारा वेळा झालं. चिखल्या डोंगर चढला, घसरला, पुन्हा चढला. मंग लटारूले बाबूची सावली पाटावर दिसली.

"मीट!" म्हनला. "पक्के मिटा. मी म्हनतपर्यंत उघडाचे नाईत."

नवाईनं मिटले. अन्नीनं तं दोनी हात डोळ्याईवर ठेवले. लटारूनं तिचाच हात पहिले धरला, डोळ्यावरून काढला अन् बाबूसमोर केला.

ते किंचाळली तसे साऱ्याईनं डोळे उघडले. मंग काय विचारता. कोनी मातीच्या कडेवर चढे, कोनी खाली पडे. वाट एकच, अन् वाटेत आजाच पाय आडवे टाकून बसलेला. तो एकेकाले पकडे, मांडीखाली दाबे, दंड समोर करे. पोट्ट्याईनं त्याले चावलं, नखं ओढली. बाबू घामाघूम. कोनाचा पाय पाटावर पडला अन् चिखल्या सपाट झाला. नववं पोट्टं झालं तवा लटारूच्या हातातून रक्त गळत होतं. बाबू म्हने, "दाखवा, औषध लावतो."

"राहू द्या जी. तुमी जा लवकर. लोकं येतीन."

लोकं आलेच. रामाजीनं त्याच्या तोंडावर हात उचलला, पन मारलं नाई. म्हने, "तुह्या हातचं पानी आता कोनी पेनार नाई." आनि खरंच, गावानं त्याचे मडके घेनं सोडलं. सिंदेवाहीच्या बाजारातून आनत, डोक्यावर, सात कोस. मनकर्णा मोहफुलं येचाले जाये, त्याच्यावर घर चाले. लटारू बाजाराच्या दुसऱ्या टोकाले जाऊन मडके इके, जिथी त्याले कोनी वळखे नाई.

ते सारं त्यानं सोसलं. पन पोट्टे. तो रस्त्यानं निघाला का पोट्टे दंडावर हात ठेवून पळत. दुरून वरडत, "आजा लबाड! मिटाले लावते अन् टोचते!" मोठे पोट्टे लाहान्याईले भेवाडत, "रडू नको, लटारू येईन." चिखल्याचा आजा होता तो. बागुलबुवा झाला.

दोन वर्सानं माता फिरून आली. आजूबाजूच्या गावाईत लय गेले. आमच्या गावात रामाजीची बुढी माय गेली अन् एक सालदार गेला. नवातलं एकबी पोट्टं पडलं नाई. गावानं मातामायले बकरा देल्ला, म्हने मायनं राखलं. लटारू तिथी हात जोडून उभा होता, साऱ्याईच्या मांगं. परसाद त्याले कोनी देल्ला नाई. भागीरथेनं आपल्या हातातला अर्धा मोडून त्याच्या हातावर ठेवला अन् निघून गेली.

बुधरी नऊ वर्साची झाली होती. दिसत नाई म्हनून दिवसभर आंगनातच राहे, अन् हात सदा मातीत. एक दिवस अन्नी कुडाजवळ येऊन उभी राह्यली. बुधरीले पावलाचा आवाज ओळखू आला.

"कोन व?"

"अन्नी. काय करून राह्यली तू?"

"बस. मीट."

अन्नी बसली नाई. "टोचशीन."

"मी कशी टोचीन? मले तुहा दंड कुठी दिसते?"

हे अन्नीले पटलं. दुसऱ्या दिवसी तिनं दोघीजनी आनल्या. महिनाभरात सात-आठ पोट्टे बुधरीसमोर बसाले लागले. लटारू घरात असला का येत नाईत, म्हनून तो कुडामांगं जाऊन बसे. बुधरीच्या हातचा चिखल्या वाकडातिकडा, एक पाय आखूड, अन् डोळेच नाईत.

"याले डोळे काऊन नाई व?"

"काऊन लागते? तुमचे हायेत ना."

ते म्हने, मीट. पोट्टे मिटत. तिले काई दिसे नाई, कोनी मिटले का नाई ते. पन तिच्याशी कोनी लबाडी करे नाई. तिच्या गोठीत वाघ ये, पाटील ये, सायकलीवाला बाबू ये. बाबू टोचाले गेला का चिखल्याची मऊ माती सुई धरून ठेवे, बाबू ओढे, सुई निघे नाई, बाबू उताना पडे. पोट्टे लोळून हासत. आवाज करायचा नेम बुधरीनं काढून टाकला होता. कुंभार तिच्या गोठीत कधी आला नाई.

लटारू कुडामांगं बसून ऐके. त्याले दम लागाले लागला होता, छातीत माती भरली होती, सदा खोकला. एकदा खोकलला तं आंगनातले पोट्टे एकदम चूप झाले, अन् भराभरा पळाल्याचे पावलं वाजले. बुधरी एकटीच म्हने, "कुठी गेले सारे?"

तवापासून खोकला आला का लटारू तोंडावर हात दाबे, उठे, बोडीच्या पारीवर जाये अन् तिथी पोटभर खोकलून येये. कदी कदी दहा वेळा जा लागे. पार चढाची म्हंजे त्याले जास्तच दम लागे. मनकर्णा म्हने, "घरात पडून खोकल ना, मरशीन त्या चढावर."

तो म्हने, "आता घरात कसा खोकलू? गोठीतला बाबू पडाचा हाय अजून."